वजीर, वस्ताद आणि हजेरी

अरबीत उच्च शिक्षण मंत्रालयाला म्हणतात ‘विजारत अत्-तालीम अल्-आली’. अरबीचे एक अक्षरही न शिकलेल्या मराठी माणसाला हे नाव जवळजवळ सगळे कळते. फक्त कळते ते भलतेच. विजारतीत त्याला वजीर दिसतो. तालीम म्हटल्यावर लाल माती आणि लंगोट कसलेली पोरे दिसतात. उरलेले ‘आली’ म्हणजे तर आपले रोजचे क्रियापद. एकूण अर्थ काय, तर वजिराची स्वारी तालमीत आली!

गंमत बाजूला ठेवून एकेक शब्द हातात घेतला, तर तिन्ही आपल्या ओळखीचे निघतात. ‘आली’ म्हणजे उंच, थोर. आलिशान बंगल्यातला आणि शिंद्यांच्या ‘आलिजाबहाद्दर’ या किताबातला आली तो हाच. ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. ‘विजारत’ म्हणजे वजिराचे खाते. १९९६ साली पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या मंत्रिमंडळात हे खाते हनान अश्रावी यांच्याकडे आले. त्याआधीची वीस-बावीस वर्षे त्या इंग्रजी साहित्य शिकवत होत्या. खाते त्यांनी दोन वर्षे सांभाळले आणि सोडले.

पॅलेस्टाईनचे नाव निघाले की आपण थेट युद्धावर येतो, आणि त्यात नवल नाही. पण या बाईंच्या कारकिर्दीबद्दल वाचताना मला वेगळेच काही जाणवत राहिले. ती अरबीत सांगायला जे शब्द लागतात, त्यांतले बरेचसे शब्द मराठीत कधीचे येऊन स्थायिक झाले आहेत. कुणी वेश बदलला, कुणी धंदा बदलला, एखादा तर पार उलटा बोलू लागला. त्या शब्दांच्या मागोमाग जावे आणि बाईंची गोष्टही सांगावी, असा या लेखाचा बेत आहे.

तालमीपासूनच सुरुवात करू. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो. ऐन, लाम, मीम या तीन अक्षरांचा अर्थ ‘जाणणे’. त्यातून इल्म म्हणजे विद्या, आलिम म्हणजे विद्वान, मालूम म्हणजे जाणलेले, आणि तालीम म्हणजे दुसऱ्याला जाणते करणे. मराठीने यातले शिकवणे घेतले आणि पुस्तक मात्र दाराबाहेर ठेवले. आपल्याकडे तालीम होते ती अंगाची, नाहीतर नाटकाची. कोल्हापुरात गंगावेश तालीम, मोतीबाग तालीम अशा पाट्या वाचताना तिथे कुणी व्याकरण शिकवत असेल असा संशय कुणाला येत नाही. पण ‘अमक्याच्या तालमीत तयार झालेला’ असे आपण गायकाबद्दल म्हणतो, पत्रकाराबद्दल म्हणतो, तेव्हा जुना अर्थ मातीखालून हळूच डोके वर काढतो.

तालमीत वस्ताद आलाच. मूळ फारसी उस्ताद. तो अरबीत गेला आणि ‘उस्ताज’ झाला, आणि आज अरब विद्यापीठांत प्रोफेसर या हुद्द्याला हाच शब्द आहे. बाई असल्या तर उस्ताजा. इकडे तो गवयांच्या नावामागे उस्ताद म्हणून बसला आणि आखाड्यात शिरताना त्याला ‘व’ चिकटून वस्ताद झाला. पुढे त्याला आणखी एक छटा आली. ‘मोठा वस्ताद आहे तो’ म्हणजे त्याच्याशी व्यवहार करताना खिसा सांभाळा. प्राध्यापक मंत्री झाला की लोक त्याच्याकडे उस्ताज म्हणून बघायचे थांबतात आणि या दुसऱ्या अर्थाने बघू लागतात. सगळ्याच देशांत.

आता हजेरी. वर्गात शिरल्यावर शिक्षक पहिली घेतो ती हजेरी. या शब्दातला ‘ज’ मुळात ‘ज’ नाही. अरबीत ‘दाद’ नावाचे एक अक्षर आहे, जिभेची कड दाढांकडे दाबून काढलेला जड ‘द’. हा उच्चार आपलीच खासियत आहे असे अरबांना वाटते, इतके की आपल्या भाषेला ते ‘दादची भाषा’ म्हणतात. इराण्यांना तो जमला नाही. त्यांनी त्याचा ‘झ’ केला आणि आपण तो ‘ज’ म्हणून घेतला. हजर, काजी, अर्ज, मर्जी, गरज, रमजान या सगळ्यांत मुळात तो जड ‘द’ आहे. अरबांचा हादिर तो आपला हजर, त्यांचा कादी तो आपला काजी.

या हादिराच्या धातूतून अरबीने एक शब्द घडवला तो मला फार आवडतो. विद्यापीठातल्या व्याख्यानाला अरबीत ‘मुहादरा’ म्हणतात. हजर आणि मुहादरा सख्खे भाऊबंद. व्याख्यान देणे म्हणजे दोन्ही बाजूंनी समोरासमोर हजर असणे. हजेरीच्या वहीत सही करून मागच्या बाकावरून सटकणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हजरच्या उलट गैरहजर. पण अरबीत त्याला सुटा शब्द आहे, ‘गाइब’. आपण त्याचा ‘गायब’ केला आणि अर्थ वाढवून टाकला. गैरहजर माणूस दुसरीकडे कुठेतरी असतो. गायब माणूस कुठेच नसतो, निदान सापडत नाही. पॅलेस्टिनी लोकांच्या आयुष्यात हा शब्द सरकारी कागदावरून आला. १९५० साली इस्रायलने गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा केला. अरबीत त्याला ‘अम्लाक अल्-गाइबीन’चा कायदा म्हणतात. अम्लाकमध्ये आपला मालक बसला आहे आणि गाइबीनमध्ये आपला गायब. घर सोडून जावे लागलेला माणूस कागदोपत्री गैरहजर ठरला की त्याची मालकी गायब होते, हा त्या कायद्याचा मराठीत आपोआप निघणारा अर्थ.

हनान अश्रावींचा या शब्दाशी संबंध आला तो विद्यार्थिनी असताना. त्यांचा जन्म १९४६ चा, नाब्लुसचा. वडील दाऊद मिखाइल डॉक्टर होते, पुढे पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या संस्थापकांपैकी एक. घर ख्रिस्ती. कुटुंब तिबेरियासला राहत होते. १९४८ साली ते सुटले. अम्मानमार्गे मंडळी रामल्लाला आली. हनान तिथल्या क्वेकरपंथीयांच्या मुलींच्या शाळेत शिकल्या आणि पुढे बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकायला गेल्या. जून १९६७ मध्ये युद्ध पेटले तेव्हा त्या बैरूतमध्ये होत्या. सहा दिवसांत रामल्ला इस्रायलच्या ताब्यात गेले आणि या विद्यार्थिनीची नोंद गैरहजर म्हणून झाली. घरी परतायची वाट बंद. पुढची सहा वर्षे त्या बाहेरच राहिल्या. त्या काळात अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात मध्ययुगीन आणि तौलनिक साहित्याचा अभ्यास केला. १९७३ साली कुटुंबाच्या पुनर्मीलनाच्या सवलतीखाली परवानगी मिळाली तेव्हा त्या परतल्या. त्याच वर्षी त्यांनी बीरझैतला इंग्रजी विभाग सुरू केला. गायब ठरलेली बाई मुहादरा द्यायला हजर झाली, असे हे दोन ओळींत सांगता येते. मधली सहा वर्षे मात्र दोन ओळींत मावत नाहीत.

बीरझैत हे रामल्लाच्या उत्तरेचे एक गाव. ‘बीर’ म्हणजे विहीर, ‘झैत’ म्हणजे तेल. तेलाची विहीर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे आखातातली पेट्रोलची विहीर येईल, पण हे तेल जैतुनाचे. आपल्या तेलात तीळ आहे. मूळ ‘तैल’ म्हणजे तिळापासून निघालेले. पुढे शेंगदाण्याचे, करडईचे, खोबऱ्याचेही तेलच झाले, आणि त्यात तीळ आहे हे आपण विसरलो. अरबांच्या झैतात तसेच जैतून आहे. ज्या देशात जे पिकते, ते त्याच्या तेलाच्या नावात उतरते. योगायोग असा की बैरूत या नावाचा अर्थही जुन्या कनानी भाषेत विहिरी असाच लावतात. म्हणजे बाई एका विहिरीवर शिकल्या आणि दुसऱ्या विहिरीवर शिकवायला आल्या.

बीरझैतला १९२४ साली नबीहा नासिर या बाईंनी मुलींसाठी शाळा काढली. शाळेचे कॉलेज झाले, आणि अश्रावी रुजू झाल्या त्या वर्षांत कॉलेजचे विद्यापीठ होत होते. विद्यापीठाला अरबीत ‘जामिआ’ म्हणतात. जीम, मीम, ऐन, म्हणजे गोळा करणे. आपली जमा, जमाखर्च, जमाबंदी, जमात, जुम्मा ही सगळी याच घरची मंडळी. आणि एक अनपेक्षित पाहुणा म्हणजे मुजुमदार! हिशेबाचे कागद ज्याच्याकडे गोळा होतात तो मजमूदार. पुण्या-साताऱ्याकडच्या मुजुमदारांच्या दारावरची पाटी आणि अरब विद्यापीठाची पाटी यांचे गोत्र एकच.

अरबी जामिआ म्हणजे गोळा होण्याची जागा, आणि लष्करी अंमलाला सगळ्यात नको असते ते लोकांचे गोळा होणे. पहिला इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, डिसेंबर १९८७ मध्ये सुरू झाला आणि जानेवारी १९८८ मध्ये लष्कराने बीरझैतला टाळे ठोकले. ते एप्रिल १९९२ मध्ये निघाले. एक्कावन्न महिने! पदवीचा आख्खा अभ्यासक्रम मावेल इतका काळ. त्याआधीही विद्यापीठ पुन्हा पुन्हा बंद झाले होते. आपल्याकडे कानाला याच घरचा वाटणारा एक शब्द आहे, जमावबंदी. इथे ती एका विद्यापीठाला लागली होती. वर्ग थांबले नाहीत. ते घरांतून, मशिदींतून, चर्चमधून भरत राहिले. कुणाच्या दिवाणखान्यात, कुणाच्या स्वयंपाकघरात विद्यार्थी गोळा होत. अश्रावी त्या काळात कला शाखेच्या डीन होत्या. ज्या शाखेची इमारत बंद आहे तिच्या डीनने करायचे काय, याचे उत्तर कुठल्याही विद्यापीठाच्या नियमावलीत नसते.

इथून पुढचा शब्द वकील. आपण आज वकील म्हटले की काळा कोट बघतो. अरबीत वकील म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणारा, मुखत्यार. मराठ्यांच्या राज्यात हा अर्थ अगदी ठसठशीत होता. वकील म्हणजे परक्या दरबारात आपली बाजू मांडणारा. हिंगणे घराण्याने दिल्लीत पेशव्यांची वकिली केली ती कोर्टात नव्हे. पुढे न्यायालये आली आणि वकील दरबारातून कचेरीत येऊन बसला.

ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस माद्रिदला अरब-इस्रायल शांतता परिषद भरली, तेव्हा पॅलेस्टिनी पथकाच्या अधिकृत प्रवक्त्या म्हणून जगाने हनान अश्रावींना पाहिले. पथकाचे नेते होते गाझाचे डॉक्टर हैदर अब्दुल शाफी. पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेला उघड जागा नव्हती, पॅलेस्टिनींना बसवले होते ते जॉर्डनबरोबरच्या संयुक्त पथकात. अशा अवघड जागी शब्द तोलून बोलणारे माणूस लागते. जुन्या मराठी अर्थाने बाई तिथे वकील होत्या. आयुष्य दुसऱ्यांच्या वाक्यांचा अर्थ लावण्यात गेलेल्या साहित्याच्या प्राध्यापिकेला हे काम जमावे यात आश्चर्य नाही. एका वाक्यात किती अर्थ असतात, आणि त्यांतला समोरचा कोणता उचलील, हे वर्गातच शिकायला मिळते.

१९९३ मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टाईन मुक्ती संघटना यांच्यातल्या ओस्लो करारावर सह्या झाल्या. वाटाघाटी गुप्तपणे दुसऱ्याच माणसांनी केल्या होत्या. नव्या सत्तेत लगेच खुर्ची धरण्याऐवजी अश्रावींनी नागरिकांच्या हक्कांसाठी स्वतंत्र आयोग उभा केला, आणि त्याचा रोख होता येऊ घातलेल्या आपल्याच सरकारवर. जानेवारी १९९६ च्या निवडणुकीत त्या जेरुसलेममधून विधान परिषदेवर निवडून आल्या आणि मग आली विजारत.

वजीर या शब्दाची आपली पहिली ओळख बुद्धिबळाच्या पटावर होते. तिथे त्याच्याइतके ताकदवान कोणी नाही. उभा, आडवा, तिरपा, वाटेल तिकडे धावतो. पण हा त्याचा मूळ स्वभाव नव्हे. जुन्या अरबी-फारसी खेळात तो राजाच्या शेजारी उभा राहून एकेकच तिरपे घर सरकणारा सावध कारभारी होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याला आजची चाल मिळाली. तिथे या मोहऱ्याची राणी झाली होती. आपण चाल नवी घेतली आणि नाव जुनेच ठेवले. त्यामुळे मराठी पटावर एक युरोपीय राणी वजिराच्या नावाने हिंडत असते.

अरबीत बाई मंत्री झाली की ती ‘वजीरा’. अश्रावींच्या मंत्रिमंडळात दुसऱ्याही एक वजीरा होत्या. समाजकल्याण खाते सांभाळणाऱ्या त्या बाईंचे नाव इंतिसार अल्-वजीर. आडनावच वजीर! म्हणजे अरबी बातमीत त्यांचा उल्लेख ‘वजीरा इंतिसार अल्-वजीर’ असा होणार. आपल्याकडे प्रधान आडनावाचा माणूस प्रधान झाला तर काय होईल, तेच.

पण वजीर म्हणजे मुळात कोण? अकराव्या शतकातले बगदादचे कायदेपंडित अल्-मावर्दी यांनी राज्यकारभारावरच्या आपल्या ग्रंथात तीन व्युत्पत्ती नोंदवल्या आहेत. पहिली ‘विझ्र’ या शब्दावरून, म्हणजे ओझे. राजाच्या डोक्यावरचे ओझे उचलतो तो वजीर. दुसरी ‘वझर’वरून, म्हणजे आसरा, संकटात धाव घ्यायची जागा. तिसरी ‘अझ्र’वरून, म्हणजे पाठीचे बळ. आधुनिक काळात काही अभ्यासकांनी वजिराचे मूळ जुन्या फारसीत शोधले. तो वाद पंडितांना लखलाभ. अरबी बोलणाऱ्याच्या कानाला मात्र वजीर म्हटले की ओझेच ऐकू येते. आणि या विझ्रला दुसराही अर्थ आहे, पाप. पाठीवर लादलेले, आपले आपल्यालाच वाहून न्यायचे असे ओझे.

कुराणात वजीर हा शब्द येतो तो मूसाच्या, म्हणजे मोझेसच्या तोंडी. फॅरोसमोर जायचे आहे, जीभ अडखळते आहे, तेव्हा तो देवाकडे आपल्याच कुटुंबातला वजीर मागतो, भाऊ हारून. पहिला वजीर नेमला गेला तो बोलण्यासाठी, हे प्रवक्त्यापासून मंत्रिपदापर्यंत आलेल्या बाईंच्या संदर्भात आठवल्याशिवाय राहत नाही. आणि ‘कुटुंबातला’ म्हटल्यावर आपला अमात्य आठवतो. संस्कृतात ‘अमा’ म्हणजे घरात, बरोबर. अमात्य म्हणजे एका घरचा. सचिव हाही ‘सच्’ म्हणजे सोबत असणे यातून आलेला, म्हणजे सोबती. मंत्री तो मसलत देणारा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राजव्यवहारकोश सिद्ध झाला. मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री झाला. हिशेब गोळा करणारा घरचा झाला. कामावरून पडलेली नावे जाऊन नात्यावरून पडलेली आली.

युरोपातली गोष्ट आणखी मजेची. लॅटिनमध्ये ‘माजिस्तेर’ म्हणजे शिक्षक, धनी. त्याच्या पोटात आहे ‘अधिक’ या अर्थाचा शब्द. ‘मिनिस्तेर’ म्हणजे सेवक, आणि त्याच्या पोटात आहे ‘उणे’. पहिल्यापासून आपला मास्तर आला, पोर्तुगिजांच्या तोंडून आपला मेस्त्री आला. दुसऱ्यापासून मिनिस्टर आला. म्हणजे लॅटिनच्या हिशेबाने मास्तराचा मिनिस्टर होणे ही बढती नव्हेच, अधिकावरून उण्यावर येणे आहे. सरकारी गाडीत बसलेल्या कुणाला हे पटणार नाही, पण शब्दाला गाडी दिसत नाही.

बीरझैतच्या वर्गांतून सरकारात गेलेल्या अश्रावी एकट्या नाहीत. भौतिकशास्त्राचे नबील कस्सीस, राज्यशास्त्राचे झियाद अबू अम्र हेही मंत्री झाले. ज्या समाजाला राज्य नाही त्याचे प्रशासक तयार होणार कुठे? वर्गात. राज्य हाती येण्याआधी जे विद्यापीठ चालवतात, त्यांना जमाखर्च कळतो, नेमणुका कळतात, सरकारी परवान्यासाठी ताटकळणे कळते. विद्यापीठ ही त्यांची तालीम, मराठी अर्थाने सुद्धा.

मराठीने वजिराचे ओझे विसरून त्याला पटावर धावायला सोडले, पण ओझे दुसऱ्या वाटेने परत आले. आपले वर्तमानपत्र काय लिहिते? ‘मंत्र्यांनी पदभार स्वीकारला.’ ‘अतिरिक्त कार्यभार सोपवला.’ पद आले की भार आलाच. फरक इतकाच की स्टेशनवरच्या हमालाला, आणि हमाल हाही अरबीच, आपण काय उचलले आहे ते मानेला कळत असते. पदभार स्वीकारतानाच्या छायाचित्रात मात्र मंत्र्यांच्या हातात गुच्छ असतो.

ऑगस्ट १९९८ मध्ये अश्रावींनी पदभार खाली ठेवला. आदल्या वर्षी प्राधिकरणाच्या कारभारातल्या पैशांच्या उधळपट्टीबद्दलचे अहवाल गाजले होते, सुधारणांची मागणी विधान परिषदेने केली होती. प्राधिकरणाचे अध्यक्ष यासर अराफात यांनी मंत्रिमंडळाची फेररचना केली तेव्हा मंडळी तीच राहिली, वर नवी भर पडली. अश्रावींना उच्च शिक्षणाऐवजी पर्यटन खाते देऊ केले होते. त्यांनी नकार देऊन राजीनामा दिला. शेतीमंत्री अब्दुल जव्वाद सालेह हेही बाहेर पडले.

आता राजीनामा हा शब्द बघा. राजी म्हणजे संतुष्ट, कबूल, तो आपल्या मर्जीचा सख्खा भाऊ. नामा म्हणजे लेख. राजीनामा म्हणजे खुशीचा कागद, संमतिपत्र! आपल्या महसुली दप्तरात त्याला नेमके काम होते. जमीन सोडणाऱ्या खातेदाराने राजीनामा लिहून द्यायचा आणि घेणाऱ्याने कबुलायत. माझा हक्क मी राजीखुशीने सोडतो आहे, असे लिहून देण्याचा तो कागद. जमिनीवरून तो पदावर आला आणि भाषेतली एक मोठी थट्टा जन्माला आली. माणूस नाराज होतो आणि राजीनामा देतो. पक्षश्रेष्ठींनी मागितला तर खुशी फक्त मागणाऱ्याला असते, पण कागद तरी राजीचाच.

हिंदी-उर्दूतला इस्तीफा माफीच्या धातूतला आहे. इस्तीफा देणारा ‘मला यातून माफ करा’ म्हणतो. अरब स्वतः मात्र या अर्थाने ‘इस्तिकाला’ म्हणतात. व्यापारी कायद्यात ‘इकाला’ म्हणजे झालेला सौदा दोन्ही बाजूंनी मोडणे. इस्तिकाला म्हणजे, सौदा ठरल्यासारखा राहिला नाही, मला मोकळे करा. तिन्हींत मला अश्रावींच्या जाण्याला हा शब्द चपखल वाटतो. त्या रुसल्या नाहीत, क्षमा मागितली नाही. माल बदलला होता, म्हणून सौदा मोडला.

त्याच वर्षी त्यांनी लोकशाही आणि जागतिक संवादासाठी एक संस्था काढली. तिच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून शब्द तयार होतो ‘मिफ्ताह’, म्हणजे किल्ली. फे, ते, हे, उघडणे या धातूचा हा शब्द. मुलूख उघडला जाणे म्हणजे जिंकणे, म्हणून त्यातूनच फत्ते. अराफातांच्या फतह पक्षाचे नावही याच धातूचे दिसते, पण ते बनवले आहे उलटे. ‘हरकत अत्-तहरीर अल्-वतनी अल्-फिलस्तीनी’ या नावाची आद्याक्षरे सरळ वाचली तर ‘हतफ’ होते आणि हतफ म्हणजे मृत्यू. म्हणून ती उलटी वाचली, फतह झाली. यातली हरकत बघण्यासारखी आहे. अरबीत हरकत म्हणजे हालचाल, चळवळ. मराठीत हरकत म्हणजे अडथळा. त्यांची चळवळ आपल्याकडे येऊन आक्षेप झाली. कुणाच्या चळवळीला कुणाची हरकत असते म्हणतात, ते एकाच शब्दात.

आणि वतनी. वतन म्हणजे मायभूमी. मराठीत मात्र वतन म्हणजे पिढीजात हक्काची जमीन, गावातले मानाचे काम. पाटीलकीचे वतन, कुलकर्ण्याचे वतन. आपल्याकडे देशाचे वतन गावाएवढे, शेताएवढे लहान झाले. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या तोंडी दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. त्यांना देश हवा आहे आणि तो अमुक गावातला अमुक दाराचा उंबरठा म्हणून हवा आहे. १९४८ साली निघताना दारांना घातलेल्या कुलपांच्या मोठ्या लोखंडी किल्ल्या त्यांच्या घरांत जपून ठेवलेल्या असतात. मोर्चांत त्या हातांत दिसतात, भिंतींवर रंगवलेल्या दिसतात. दार राहिले नाही, किल्ली राहिली. मराठीत कुलूप अरबांकडून आले, ‘कुफ्ल’ची अक्षरे उलटसुलट होऊन. चावी आली पोर्तुगिजांकडून. एक एका समुद्रापलीकडून, दुसरी दुसऱ्या. तरी आपल्या घराचे दार उघडते, कारण दार जागेवर आहे.

पुढचे थोडक्यात. २००६ साली सलाम फय्याद यांच्यासोबत ‘तिसरा मार्ग’ या यादीवर अश्रावी पुन्हा निवडून आल्या. २००९ मध्ये पॅलेस्टाईन मुक्ती संघटनेच्या कार्यकारी समितीवर गेलेल्या त्या पहिल्या बाई. डिसेंबर २०२० मध्ये त्याही पदाचा त्यांनी राजीनामा दिला. ओझे उचलणे आणि वेळेवर खाली ठेवणे, दोन्ही त्यांना जमले. पटावरच्या वजिराला दुसरे जमत नाही. तो मारला जातो किंवा डाव संपेपर्यंत उभा राहतो.

मंत्रिपद गेले की आपण नावामागे ‘माजी’ लावतो. माजी मंत्री. हा ‘ज’ही त्याच दादच्या घरचा. अरबीत ‘मादी’ म्हणजे सरून गेलेले, आणि व्याकरणात भूतकाळाचे नाव हेच. मूल क्रियापद चालवायला शिकते तेव्हा पहिला भेटतो तो मादी. आणि वर्तमानाला, चालू घडीला अरबी म्हणते ‘हादिर’. म्हणजे आपला हजर. एकच जड ‘द’, एकीकडे माजी आणि दुसरीकडे हजर.

दोन वर्षांची वजीर कधीच माजी झाली. पण बंद विद्यापीठाच्या काळात कुणाच्या तरी दिवाणखान्यात जमिनीवर बसून ज्यांनी इंग्रजी साहित्य वाचले, त्यांच्या बाई माजी कशा होतील? मास्तरांना आणि बाईंना भूतकाळ लावायला जीभ वळत नाही. चाळिशी उलटलेला माणूस बाजारात आपल्या शाळेतल्या बाई दिसल्या की अजून पिशवी खाली ठेवून ताठ उभा राहतो. कुणी हजेरी घेतलेली नसते. तरी तो मनात म्हणतो, हजर.